छोट्या आउटबोर्ड इंजिनावर होडीतली वीज: हिशेब, जोडणी आणि तपासणी

मालवण, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात फायबरच्या छोट्या होड्यांना मागच्या फळीवर ९.९ किंवा १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड लटकवलेलं सर्रास दिसतं. पूर्वी अशा होडीत विजेचं म्हणून काही असलंच तर एक टॉर्च. आता पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर आला, जीपीएस आला, बोलायचा व्हीएचएफ रेडिओ आला, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले, संदेश देणारे-घेणारे ट्रान्सपाँडर बसवण्याची देशव्यापी योजनाही ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरमध्ये सुरू झाली आणि ती मोठ्या ट्रॉलरपुरती नाही, छोट्या मोटर लावलेल्या होड्याही तिच्यात आहेत. या सगळ्याला १२ व्होल्ट लागतात. मग पहिला प्रश्न येतो तो हा, की इंजिन तर फिरतंच आहे, त्यातून वीज काढता येत नाही का?

काढता येते. पण जितकी वाटते तितकी नाही. छोटं आउटबोर्ड म्हणजे जनरेटर नव्हे. होडीतली उपकरणं चालतात ती बॅटरीवर. इंजिन फक्त बॅटरीत सावकाश भर घालतं. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की तारा कुठून कुठे न्यायच्या, फ्यूज कुठे बसवायचा, बॅटरी केवढी घ्यायची याची उत्तरं आपोआप सुटत जातात. हे न बसलेला माणूस फिशफाइंडर थेट इंजिनच्या तारेला जोडतो आणि पहिल्याच फेरीत स्क्रीन जाळून बसतो.

इंजिनात वीज तयार होते कुठे

दोरी ओढून सुरू होणाऱ्या आउटबोर्डच्या डोक्यावर फ्लायव्हील असतं. त्याच्या आतल्या कडेला लोहचुंबक बसवलेले असतात. फ्लायव्हील फिरलं की हे चुंबक खाली स्थिर बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यांवरून जातात आणि वेटोळ्यात वीज तयार होते. या वेटोळ्यांचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करायची नाही.

एक वेटोळं स्पार्कसाठी. त्यातून शेकडो व्होल्ट निघतात आणि ते सगळे सीडीआय युनिटला, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, लागतात. त्याला काहीही जोडायचं नाही. जोडलं तर इंजिन मिसफायर होईल किंवा सुरूच होणार नाही, शिवाय झटका बसेल तो वेगळाच.

दुसरं वेटोळं म्हणजे लायटिंग कॉइल. आपल्याला हवी ती हीच. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरच्या इंजिनांत ती साधारण ६० ते ८० वॅटची असते, म्हणजे बारा व्होल्टला पाच-सहा अँपिअर. नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांत, विशेषतः सेल्फ-स्टार्टच्या मॉडेलांत, दहा-बारा अँपिअरपर्यंत मजल जाते. दोन ते साडेतीन हॉर्सपॉवरच्या पिटुकल्या इंजिनांत बहुतेक वेळा कॉइल नसतेच.

यात दोन मेखा आहेत. पहिली, हा आकडा इंजिन पाच-साडेपाच हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांनी, फिरत असतानाचा. जाळं टाकताना किंवा गळ ओढत सावकाश जाताना हातात एखादा अँपिअर पडला तरी नशीब. दुसरी, कॉइलमधून येणारी वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते आणि तिचं व्होल्टेज आरपीएमबरोबर वर-खाली होत राहतं. काहीच भार नसेल तर ते पन्नास व्होल्टच्याही पुढे सहज जातं.

बरेच जण विचारतात, यात पेट्रोल जास्त जाईल का? ९.९ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७,४०० वॅट. त्यातले ८० वॅट आपण घेतो. वाया जाणारी ऊर्जा धरली तरी इंजिनला याची जाणीवही होत नाही.

आपल्या इंजिनात कॉइल आहे की नाही

इंजिनबरोबर आलेलं पुस्तक सापडलं तर त्यात ‘१२ व्होल्ट, ८० वॅट’ अशा धर्तीची ओळ शोधा. पुस्तक नसेल तर कव्हर उघडा. फ्लायव्हीलच्या खालून येणाऱ्या तारांत एक जोडी कुठेच न जोडलेली, टोकांना रबरी टोपी घातलेली दिसली तर ती बहुधा लायटिंग कॉइलची. यामाहाच्या बऱ्याच इंजिनांत या तारा हिरव्या असतात, मर्क्युरीत पिवळ्या. पण नुसत्या रंगावर विसंबू नका. दुसऱ्या हातात गेलेल्या इंजिनात आधीच्या मेकॅनिकने हाताला लागेल ती तार वापरलेली असते.

म्हणून मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना मीटर ओहमवर ठेवून दोन तारांच्या टोकांत माप घ्या. चांगल्या कॉइलचा रोध अगदी कमी, साधारण एका ओहमच्या आत येतो. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध अर्धा ओहम भरतो, तेव्हा आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. रोध शेकड्यांत आला तर ती कॉइल स्पार्कची; तिथून हात काढून घ्या.

आता यापेक्षा महत्त्वाचं माप. मीटरचं एक टोक कॉइलच्या तारेला आणि दुसरं इंजिनच्या रंग खरवडलेल्या धातूला लावा. काहीच जोड दाखवली नाही, तर कॉइल मोकळी आहे. तिची दोन्ही टोकं इंजिनच्या बॉडीपासून वेगळी आहेत. जोड दाखवली, तर कॉइलचं एक टोक आतच अर्थ केलेलं, म्हणजे बॉडीला जोडलेलं, आहे. पुढची सगळी जोडणी या एका मापावर अवलंबून आहे, म्हणून ते पेनाने कव्हरच्या आत लिहून ठेवलं तरी चालेल.

मग इंजिन चालवून बघा. हे पाण्यातच करायचं. किनाऱ्यावर करायचं असेल तर इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उतरवून. कोरडं चालवलं तर थंड पाणी खेचणारा रबरी इंपेलर काही क्षणांत करपतो. कॉइलच्या दोन तारांमध्ये गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडा. एकच बल्ब जोडला तर आरपीएम वाढवताच तो उडण्याची शक्यता असते. मंद गतीला बल्ब पिवळट मिणमिणतील, थ्रॉटल थोडा वाढवला की उजळतील. उजेड गतीबरोबर वाढत गेला, की कॉइल शाबूत आहे. पिंपात न्यूट्रलमध्ये इंजिन पूर्ण पिळायचं मात्र नाही.

कॉइलच नसेल पण त्या मॉडेलसाठी ती वेगळी मिळत असेल, तर ती बसवायला फ्लायव्हील काढावं लागतं. हे काम पुलर असलेल्या मेकॅनिककडेच द्या. हातोड्याने ठोकून फ्लायव्हील काढणारे महाभाग आहेत. त्यात चुंबक तडकतात, आणि शाफ्टवरची छोटी चावी किंचित सरकली तरी टायमिंग बिघडतं.

आधी वही, मग बाजार

खरेदीला निघण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडा. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेतं आणि किती तास चालतं, यांचा गुणाकार म्हणजे अँपिअर-तास. बॅटरीच्या दुकानात यालाच ‘एएच’ म्हणतात.

पाच इंची फिशफाइंडर साधारण ०.८ अँपिअर घेतो. सहा तास चालला तर ४.८ एएच. व्हीएचएफ नुसता ऐकत असेल तर ०.४ अँपिअर, सहा तासांचे २.४, बोलताना तो पूर्ण पंचवीस वॅटवर पाच अँपिअरच्या आसपास ओढतो, पण दिवसभरातलं बोलणं सहा मिनिटांचं धरलं तर अर्धाच एएच. एलईडीचे नौकादीप तिन्ही मिळून अर्धा अँपिअर. पहाटे दोन तास लावले तर एक एएच. दोन मोबाइल चार्ज करायला तीन. बिल्जमधलं, म्हणजे होडीच्या तळाशी साचलेलं, पाणी उपसणारा छोटा पंप अडीच अँपिअर घेतो, पण दिवसात एकूण वीसेक मिनिटंच चालतो, म्हणजे ०.८. सगळी बेरीज साडेबारा एएच.

आता जमेची बाजू. जाताना एक तास, येताना एक तास इंजिन चांगल्या वेगात. सहा अँपिअरच्या कॉइलमधून सरासरी चार धरले तर आठ एएच. बॅटरी भरताना पंधरा टक्के तरी वाया जातात, म्हणजे हाती पडले सात. रोजची तूट साडेपाच ते सहा एएच. ३५ एएचची बॅटरी अर्ध्याच्या खाली न्यायची नाही असं ठरवलं, तर तिसऱ्या दिवशी ती त्या रेषेवर येते.

तूट दिसली म्हणून नाउमेद व्हायचं कारण नाही. आठवड्यातून दोनदा घरी चार्जर लावा, किंवा चाळीस वॅटचं सोलर पॅनेल बसवा. कोकणातल्या हिवाळी-उन्हाळी उन्हात ते दिवसाला दहाएक एएच सहज देतं आणि तूट भरून निघते.

या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन फ्लडलाइट म्हणजे नऊ अँपिअर. कॉइल पूर्ण वेगातही तेवढे देत नाही. अशा हौशी लोकांना मी एलईडीच सुचवतो, तोही डेकवर काम करण्यापुरता. पाण्यावर झोत टाकून मासे गोळा करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यावर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे आणि आपल्या किनाऱ्यावर तो विषय किती तापलेला आहे हे सांगायला नको. इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर तर सर्वांत लहानही तीस अँपिअरच्या घरात जाते. तिला वेगळी मोठी बॅटरी आणि घरचा चार्जर, दुसरा मार्ग नाही. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टची वस्तू चालवणं ओल्या होडीत मला अजिबात पटत नाही.

रेक्टिफायर की रेग्युलेटर

कॉइलमधली एसी वीज बॅटरीत भरायची तर ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, करावी लागते. सर्वांत साधा उपाय ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडची जोडणी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘केबीपीसी ३५१०’ नावाचा चौकोनी तुकडा मिळतो. ३५ अँपिअर, १००० व्होल्टचा. आपल्याला लागतात त्याच्या पाचपट ताकदीचा, आणि तसाच हवा. सहा अँपिअर वाहताना त्यात दहा-बारा वॅट उष्णता तयार होते, म्हणून तो अॅल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून आवळून बसवावा. लाकडावर बसवलेला रेक्टिफायर लाकूड काळं करतो आणि मग स्वतःही जातो.

रेक्टिफायर वीज सरळ करतो, आवरत नाही. बॅटरी भरली तरी तो अँपिअर ढकलतच राहतो. मोठी, पाणी घालायची लेड-अॅसिड बॅटरी असेल आणि इंजिन दिवसाला तासभरच पळणार असेल, तर हे खपून जातं. महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर बघायचं. सीलबंद बॅटरी असेल तर नाही खपत. तिच्यातून उडालेलं पाणी परत घालता येत नाही.

म्हणून माझा कौल रेग्युलेटर-रेक्टिफायरला, ज्याला बाइकचे मेकॅनिक ‘आर. आर. युनिट’ म्हणतात. बॅटरी साडेचौदा व्होल्टच्या आसपास पोचली की तो जादाची वीज पुढे न पाठवता कॉइलकडेच परत वळवतो. इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा मिळाला तर उत्तम, महाग असला तरी. मोटरसायकलचा वापरायचा असेल तर डोळे उघडे ठेवा. बऱ्याच जुन्या बाइकच्या चार तारांच्या युनिटला एक टोक अर्थ केलेली कॉइल लागते, आणि नव्या बाइकची युनिटं तीन फेजची असतात. कॉइल मोकळी असेल तर एक फेजचा, फुल-वेव्ह, दोन एसी तारा घेणारा आर. आर. मागा.

मघाशी घेतलेलं ते माप इथे कामाला येतं. कॉइलचं एक टोक आत अर्थ केलेलं असताना तिला पूर्ण ब्रिज लावला आणि बॅटरीची निगेटिव्हही इंजिनला जोडली, तर ब्रिजमधल्या एका डायोडमधून कॉइल दर फेऱ्याला शॉर्ट होते. डायोड तापतो, जळतो, आणि कधी कधी कॉइललाही सोबत नेतो. अशा कॉइलला एक डायोड लावून अर्धीच लहर घ्यायची, म्हणजे निम्मी वीज. किंवा मेकॅनिककडून ते आतलं अर्थ सोडवून दोन्ही टोकं बाहेर काढून घ्यायची.

बॅटरी

सहा अँपिअरच्या कॉइलला २६ ते ४० एएचची बॅटरी जुळते. त्याहून मोठी घेतली तर कॉइल तिला कधीच पूर्ण भरू शकत नाही, आणि अर्धवट भरलेली लेड-अॅसिड बॅटरी आतून पांढरी पडून मरते. फक्त फिशफाइंडर चालवायचा असेल तर यूपीएसमधली ७ एएचचीही पुरते, पण मग तिला साध्या रेक्टिफायरवर ठेवू नका, रेग्युलेटर हवाच.

लिथियम फॉस्फेट बॅटरी हलकी, टिकाऊ आणि मोहात पाडणारी. तिच्यातली संरक्षक सर्किट मात्र बॅटरी भरली की कनेक्शन तोडते. इंजिन जोरात असताना असं झालं तर कॉइलचं मोकळं व्होल्टेज थेट उपकरणांवर कोसळतं. लिथियमच हवी असेल तर मध्ये चांगल्या प्रतीचा डीसी-टू-डीसी चार्जर टाका, किंवा ती कॉइलपासून अलग ठेवून सोलर आणि घरच्या चार्जरवर चालवा.

बॅटरी प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने बांधून, पाणी साचतं त्याच्या वर ठेवा. पेट्रोलच्या कॅनशेजारी, एकाच बंद कप्प्यात, कधीही नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, कॅनमधून पेट्रोलची वाफ. आणि स्विच दाबताना ठिणगी पडायची थांबत नाही.

जोडणी, एकेक करून

इंजिन बंद, बॅटरीची दोन्ही टोकं सुटी. इथून सुरुवात.

प्रथम कॉइलच्या दोन तारा रेक्टिफायरच्या लहरीची (~) खूण असलेल्या दोन टोकांना जोडा. एसी असल्यामुळे कुठली तार कुठे याला महत्त्व नाही. इंजिन उजवी-डावी वळतं आणि वरही उचललं जातं, तेव्हा तारेला तेवढी ढील द्या आणि ती रबरी ग्रोमेटमधून बाहेर काढा.

मग रेक्टिफायरचं प्लस थेट बॅटरीच्या प्लसवर न्या, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. अमेरिकी बोटींच्या मानकात बॅटरीपासून सात इंचांची मर्यादा सांगितली आहे, तीच पाळा. तार शॉर्ट झाली तर खरा आगडोंब बॅटरी करते, कॉइल नव्हे, म्हणून पहारा बॅटरीच्या दारात. रेक्टिफायरचं मायनस बॅटरीच्या मायनसला.

ही चार्जिंगची वाट मेन स्विचमधून नेऊ नका. कुणी चालत्या इंजिनात मेन स्विच बंद केला तरी कॉइल आणि बॅटरीचं नातं तुटता कामा नये. त्याच कारणाने उपकरणांसाठी वीज नेहमी बॅटरीच्या टोकावरून घ्यायची, रेक्टिफायरच्या टोकावरून नाही. चार्जिंगचा फ्यूज उडाला किंवा एखादं टोक सुटलं, तर वाढलेलं व्होल्टेज रेक्टिफायरपाशीच अडकतं. उपकरणं बॅटरीच्या बाजूला असतील तर वाचतात, रेक्टिफायरच्या बाजूला असतील तर सगळी एकदम जातात. या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आता उपकरणांची बाजू. बॅटरीच्या प्लसवरून २० अँपिअरचा मुख्य फ्यूज, तिथून मेन स्विच, तिथून गाडीत असते तशी ब्लेड फ्यूजची सहा खणांची पेटी. प्रत्येक उपकरणाला वेगळा खण आणि त्याच्या पुस्तकात सांगितलेला फ्यूज. फिशफाइंडरला बहुधा ३ अँपिअर, पंपाला ५, व्हीएचएफला १०. मायनस सगळ्यांच्या एका पट्टीवर गोळा करून एकाच जाड तारेने बॅटरीला.

बिल्ज पंपाला पाणी चढलं की आपोआप चालू होणारा फ्लोट स्विच असेल तर तेवढा मेन स्विचच्या आधीच, स्वतःचा फ्यूज देऊन जोडा. होडी नांगरावर एकटी असताना पाणी भरलं तर मेन स्विच चालू करायला कोण येणार?

नौकादीपांबद्दल थोडं सविस्तर. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सात मीटरपेक्षा लहान आणि सात नॉटपेक्षा कमी वेगाच्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालून जातो. पण ९.९ हॉर्सपॉवरची हलकी होडी सात नॉट सहज ओलांडते, म्हणून डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा हे दोन्हीही लावा. बारा मीटरखालच्या होडीचा पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून आणि बाजूचे दिवे एक मैलावरून दिसायला हवेत. सजावटीच्या एलईडी पट्ट्या यात मोजल्या जात नाहीत.

तारा, थिंबल आणि मीठ

जोडणीचं शास्त्र सोपं आहे. कोकणात वायरिंग मरतं ते मिठाने. घरगुती वायरिंगची साधी तांब्याची तार खारट हवेत आतून हिरवी-काळी पडत जाते, वरून प्लॅस्टिक मात्र नवंकोरं दिसतं. शक्य असेल तर कथिलाचा मुलामा असलेली, बारीक पदरांची मरीन तार घ्या. नाही मिळाली तर निदान टोकं नीट बंद करा आणि दोन हंगामांनी तार बदलायची तयारी ठेवा.

जाडीचा हिशेब असा. व्हीएचएफ बॅटरीपासून तीन मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तार. बोलताना पाच अँपिअर. एक स्क्वेअर एमएमच्या तारेत अर्धा व्होल्ट वाटेतच पडतो, अडीचच्या तारेत फक्त ०.२. आधीच बारा व्होल्टवर आलेल्या बॅटरीला हा अर्धा व्होल्ट महागात पडतो. रेडिओ ऐन बोलताना बंद पडतो. चार्जिंगच्या वाटेला आणि व्हीएचएफला अडीचची, पंपाला दीडची, एलईडी दिव्यांना एकची तार पुरे.

तारांच्या टोकांना थिंबल, म्हणजे दाबून बसवायची धातूची टोपी, लावा, योग्य क्रिंपिंग पक्कडीने दाबा, आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. तारा पिळून काळी टेप गुंडाळणं हा घरातलाही वाईट उपाय आहे; होडीत ती टेप पाणी धरून ठेवते. बॅटरीच्या टर्मिनलवर आवळून झाल्यावर व्हॅसलीनचा हात फिरवा. आधी नाही, नंतर. कुठलाही जोड बिल्जच्या पाण्यात येणार नाही अशा उंचीवर ठेवा. पाण्यात बुडालेला प्लसचा जोड स्वतः तर खाल्ला जातोच, पण गळणारी वीज पाण्यातून वाट काढत आउटबोर्डचा अॅल्युमिनियमचा खालचा भागही पोखरते. इंजिनऐवजी स्वतः झिजायला बसवलेला झिंकचा तुकडा एरवीपेक्षा झपाट्याने झिजत असेल तर गळती शोधायला लागा.

पहिली सुरुवात

उपकरणांचे फ्यूज काढून ठेवा. बॅटरी जोडताना आधी प्लस, मग मायनस, सोडवताना उलट. उलटसुलट टोकं लागली तर रेक्टिफायरचे डायोड त्याच क्षणी जातात, तेव्हा मीटरने प्लस-मायनस एकदा ताडून बघायला लाजू नका.

भरलेल्या बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन सुरू करून मंद ठेवलं तर आकडा जेमतेम हलेल. होडी पाण्यात नेऊन वेग वाढवा, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावला तर काम जमलं. पंधराच्या वर चढत गेला तर रेग्युलेटर काम करत नाही किंवा त्याचं अर्थ लागलेलं नाही. वेग वाढवूनही १२.६ वरच थांबला तर फ्यूज, मग रेक्टिफायर, मग कॉइल या क्रमाने मागे जा. हे सगळं समाधानकारक असेल तरच एकेक उपकरणाचा फ्यूज घाला, आणि प्रत्येकानंतर आकडा बघा. इंजिन चालू असताना बॅटरीचं टोक काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायची गॅरेजमधली सवय इथे आणू नका.

छोटा व्होल्टमीटर कायमचा बसवून टाका, पण स्विचमागे. त्याचा दिवा रात्रंदिवस बॅटरी चाटत राहतो.

नेहमीची गाऱ्हाणी

फिशफाइंडरच्या स्क्रीनवर इंजिनच्या वेगाबरोबर वाढणाऱ्या उभ्या रेघा आल्या तर तो स्पार्कचा गोंगाट आहे. ट्रान्सड्यूसरची, म्हणजे फिशफाइंडरच्या पाण्यातल्या सेन्सरची, केबल होडीच्या एका कडेने आणि इंजिनच्या तारा दुसऱ्या कडेने न्या. तरी थांबलं नाही तर फिशफाइंडरच्या तारेवर असा गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी लावा. सेल्फ-स्टार्ट मारताना स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर तेवढ्या क्षणात व्होल्टेज दहाच्या खाली जातंय. आधी इंजिन, मग उपकरणं असा क्रम ठेवा.

व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर सतत खरखर येत असेल तर मोबाइलचा स्वस्त यूएसबी चार्जर काढून बघा. दहातल्या आठ वेळा गुन्हेगार तोच निघतो असं माझं निरीक्षण आहे. होकायंत्र भरकटत असेल तर त्याच्या शेजारून जाणारी प्लस-मायनसची जोडी एकमेकींभोवती पिळून घ्या.

कॉइल नसलेल्या इंजिनाचं काय

दोन-तीन हॉर्सपॉवरवाल्यांनी कॉइलचा नाद सोडावा हेच बरं. १२ ते २० एएचची बॅटरी, वीस-चाळीस वॅटचं पॅनेल आणि दहा अँपिअरचा साधा सोलर कंट्रोलर, एवढ्यात फिशफाइंडर, दिवे आणि मोबाइल निभावतात. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, नंतर पॅनेल. उलटं केलं तर काही कंट्रोलर गोंधळतात. कॉइल असलेल्या होडीतही हेच पॅनेल त्याच बॅटरीवर लावता येतं, फक्त त्याच्या वाटेला स्वतःचा फ्यूज द्या. कॉइल जोरात असताना सोलर कंट्रोलर मागे सरतो, इंजिन बंद झालं की पुढे येतो. दोघांचं भांडण होत नाही.

मोबाइल मात्र कुठल्याही मांडणीत रात्री घरून पूर्ण भरूनच आणा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावायची वेळ आली आणि फोन होडीच्या बॅटरीच्या भरवशावर असला, तर दोन्ही एकदमच बसलेले असण्याची शक्यता जास्त.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढली की बॅटरी काढून घरी न्या, पूर्ण चार्ज करा आणि महिन्यातून एकदा माप घ्या, १२.४ च्या खाली गेली तर पुन्हा चार्जरवर. फ्यूजच्या पेटीचे पाय कोरड्या ब्रशने साफ करून त्यांना व्हॅसलीन लावा. कॉइलच्या आणि चार्जिंगच्या तारांचं एकेक टोक थोडं सोलून आत डोकावून बघा: काळं दिसलं तर ऑगस्टची वाट न बघता आताच बदला.